पाण्याखालच्या गावचा दाखला

2024 सालची ही गोष्ट. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला. कॅनॉलचे आवर्तन कधी सुटेल याचा नेम नव्हता, आणि खोडव्याला पाणी द्यावे की जनावरांसाठी राखावे याच विवंचनेत घर होते. अशात आमच्या थोरलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. आता महिनाभर पोरगी सीईटीचा अभ्यास करील आणि आपण मे महिन्यात निवांत कागदपत्रे गोळा करू, असा आमचा हिशोब होता. तो हिशोब चुकीचा होता, हे शेजारच्या वस्तीवरल्या एका बाईंनी सांगितले म्हणून कळले. आदल्या वर्षी त्यांचा मुलगा पास झाला, गुणही चांगले पडले, पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही. त्या बाई माझ्या चुलीशेजारी बसून म्हणाल्या, "वहिनी, उन्हाळ्यात शाळंला सुट्टी लागती. मग कुलूप काय सांगणार तुम्हाला?"

त्यांचे म्हणणे खरे होते. आमची मुलगी ओबीसीत येते. तिच्याकडे जातीचा दाखला होता, पण तो तिच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून काढलेला. वैधतेसाठी मात्र 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजा-पणज्याचा. तिच्या वडिलांचा जन्मच त्यानंतरचा. मामंजी चौथीपर्यंत शाळेत गेलेले, पण त्यांच्याजवळ कागदाचा कपटा नाही. आणि त्यांची शाळा उजनीच्या पाण्यात!

आम्ही धरणग्रस्त. उजनीचे काम 1966 साली सुरू झाले, 1980 ला पूर्ण झाले, त्याआधीच मामंजींनी बिऱ्हाड हलवून दौंड तालुक्यात जमीन धरली. मी लग्न होऊन आले ती या नव्या घरी. जुने गाव मी कधी पाहिले नव्हते. त्या गावाचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण शाळा मग कोणालाही ओळखता येईल. भीमेच्या काठी इंदापूर तालुक्यात होते एवढे पुरे. गाव उठून वर हायवेच्या बाजूला वसले, शाळाही वर आली. जुनी रजिस्टरे शाळेबरोबर वर आली का, हाच प्रश्न होता.

यजमानांना ऊसतोडीच्या हिशोबासाठी थांबणे भाग होते. म्हणून मामंजी, पोरगी आणि मी असे तिघे निघालो. पाडव्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पाटसहून सोलापूरकडे जाणारी एसटी मिळाली. तिघांनाही अर्धेच तिकीट, आम्हां दोघींना बायकांची सवलत आणि मामंजींना वयाची. "आख्खी गाडी अर्ध्यावर चालली म्हणायची," असे मामंजी म्हणाले, आणि कंडक्टरही हसला.

कुरकुंभ गेले, भिगवण आले. भिगवणच्या स्टँडवर गाडीत मासळीचा वास शिरला. उजनीची चिलापी तिथून पुण्यापर्यंत जाते. पुढे डाळज ओलांडल्यावर डाव्या हाताला कधी पाणी दिसते, कधी दिसत नाही. एरवी पाण्याचे पात्र रुंद असते म्हणे. त्या वर्षी धरण जानेवारीतच मृतसाठ्यात गेलेले. दूरवर नुसते राखाडी पटांगण आणि त्यापलीकडे पाण्याची बारीक रेघ. पळसदेवपाशी मामंजी एकदम खिडकीकडे वळले. एरवी पाण्यात बुडालेले जुने पळसनाथाचे देऊळ उघडे पडले होते. शिखरासकट सगळे. त्याच्याकडे माणसांची रांग लागलेली, मोटारसायकली गाळातून वाट काढत चाललेल्या. देव पाण्याबाहेर आला याचा आनंद मानावा, की त्याला बाहेर यावे लागले याची काळजी करावी, हे गाडीतल्या कोणालाच ठरवता येत नव्हते.

शाळेत पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. एप्रिल म्हणजे सकाळची शाळा. वर्गावर एक बाई होत्या. मुख्याध्यापक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले. लोकसभेचे मतदान 7 मे ला होते आणि शिक्षक सगळे त्याच कामाला जुंपलेले. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. "चारपर्यंत येतील," बाई म्हणाल्या. त्यांनी फोनही लावून दिला. पलीकडून सरांनी सांगितले, "थांबा. जुनी रजिस्टरं आहेत. पण वर्ष माहीत हवं, नाहीतर मी पानं चाळत बसू शकत नाही."

वर्ष मामंजींना कुठले माहीत! पण माझी पोरगी हुशार. तिने विचारले, "आबा, तुम्ही शाळेत गेलात तेव्हा घरात काय झालं होतं?" मामंजींनी आठवून आठवून सांगितले, की धाकटी आत्या पाळण्यात होती आणि ती तर 1956 च्या दिवाळीतली. म्हणजे 1957 चा जून. ज्यांच्यापाशी कागद नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग मला उपयोगाचा वाटला. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये, पाळणा विचारावा, पूर विचारावा, बैल कधी घेतले ते विचारावे.

चारपर्यंत करायचे काय? मामंजी म्हणाले, "चला, खाली जाऊ. गाव बघू."

दोन-अडीच किलोमीटर उतार चालून गेलो. आधी बाभळी, मग बाभळीही संपल्या. पायाखाली शिंपल्यांचा चुरा. माती वाळून तिला हातभर भेगा पडलेल्या. थोडे पुढे गेल्यावर मात्र हिरवे पट्टे लागले. पाणी ओसरेल तसतशी लोक मागोमाग गाळपेर करतात. मका होती, कलिंगडाचे वेल होते, इंजिन लावून पाण्याच्या रेघेपर्यंत पाईप टाकलेले. नांगरट नाही, खत नाही, तरी वेलाला फळ चांगले.

आणि मग गाव. गाव म्हणजे घरे नाहीत हो, नुसती जोती. दगड मात्र जागच्या जागी. मामंजी प्रथम गोंधळले. दोनदा इकडून तिकडे फिरले. मग त्यांना एक दगडी विहीर सापडली, गाळाने काठापर्यंत भरलेली, आणि तिच्या थारोळ्यावरून त्यांनी सगळे गाव ओळखले. "ही आमची मोट. हितनं पाट. ह्यो रस्ता चावडीकडं." ते पुढे आणि आम्ही मागे. रस्ता दिसत नसताना त्यांचे पाय बरोबर वळत होते. चावडीचा चौथरा आला. त्याच्या पलीकडे एक लांबट जोते, दोन पायऱ्या शिल्लक.

"आगं, शाळा हितं हुती."

तिथेच फडके पसरून आम्ही भाकरी सोडली. मामंजी पायरीवर बसले. गुरुजी कुठे बसत, पाण्याचा माठ कुठे असे, कोण कोणाशेजारी असे सांगत राहिले. निम्मी नावे आता हयात नसलेल्यांची. पोरगी ऐकत होती, पण तिचे लक्ष जमिनीकडे. जोत्याच्या कडेला पांढरा थर आलेला. तिने बोट लावून पाहिले.

"आबा, हे मीठ फुटलंय ना?"

"हां. आपल्या खालच्या रानात फुटतंय तसंच."

"त्या रानात नुसतं शेणखत टाकून भागणार नाही. आधी पाणी निघायला चर पाहिजे."

मामंजींनी भाकरीचा घास हातात धरून तिच्याकडे पाहिले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आपल्याकडं कृषिकन्या आल्या होत्या की. त्यांनी माती तपासली होती."

वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या गावी या मुली आल्या असतील. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कार्यानुभव असतो. मुले-मुली काही आठवडे गावात राहतात, बीजप्रक्रिया दाखवतात, माती घेतात, शेतकऱ्याबरोबर रानात हिंडतात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. आमच्याकडे आलेल्या मुलींतली एक आमच्या ओसरीवर जेवली होती. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बी.एस्सी. ॲग्री बसलेले. घरात मात्र एकमत नव्हते. यजमानांना वाटे नर्सिंग करावे, लगेच नोकरी लागते. मामंजींचे म्हणणे, "शेती शिकायला कालेज कशाला? माझ्याबरोबर दोन वर्सं रानात चल." खरे सांगायचे तर मीही यजमानांच्याच बाजूची होते. मुलीने चार वर्षे शिकून पुन्हा चिखलातच यायचे, तर मग काय उपयोग, असे मला वाटे.

त्या दिवशी पायरीवर मामंजी यावर काही बोलले नाहीत. गाळपेर करणाऱ्या एका पोरग्याने कलिंगड आणून दिले. पैसे घेईना. कोणाचे कोण विचारले, तर मामंजींच्या वर्गातल्या एकाचा नातू निघाला.

चार वाजता वर आलो. सर आलेले. दमलेले होते, तरी आधी चहा मागवला, मग कपाटाच्या मागची पत्र्याची पेटी काढली. गाव उठताना जुन्या गुरुजींनी रजिस्टरे बैलगाडीत घालून वर आणली, असे त्यांनी ऐकले होते. त्या गुरुजींचे उपकार किती घरांवर असतील! कापडी पुठ्ठ्याचे रजिस्टर, पाने तांबूस झालेली, पण शाई शाबूत. 1957 चा जून काढला. पोरगी बोट फिरवत वाचत होती. निम्म्या मुलांची जन्मतारीख 1 जून! गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातले होते.

नाव सापडले. पण ते पाळण्यातले, घरी हाक मारायचे. आधारकार्डावर मामंजींच्या नावापुढे 'राव' आहे, रजिस्टरात तो नाही. बापाचे नाव बरोबर, आडनाव बरोबर, जातीच्या रकान्यात हिंदु-माळी असे स्वच्छ लिहिलेले. मला घाम फुटला. सर म्हणाले, "घाबरू नका. असं निम्म्या लोकांचं असतं. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा, वंशावळीत दोन्ही नावं लिहा. मी रजिस्टरात आहे तसाच उतारा देणार, अक्षर बदलणार नाही." त्यांचे हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. अक्षर बदलून देणारेही कोणीकोणी असतात, आणि तपासणीत तेच अंगाशी येते.

रजिस्टराचा शेवटचा रकाना असतो शाळा सोडल्याच्या कारणाचा. पोरीने तोही वाचला. 'सतत गैरहजर.'

मामंजी म्हणाले, "गैरहजर नव्हतो. मोटंवर हुतो." एवढेच. नंतर परतीच्या गाडीत भिगवणपर्यंत ते गप्प होते. भिगवणला माझ्याकडे वळून म्हणाले, "पुण्याचं ते शेतीचं कालेज बघून यावं. बघायला काय पैसं पडत्यात?"

पुढच्याच आठवड्यात, पाडवा झाल्यावर, आम्ही दोघी दौंडहून रेल्वेने पुण्याला गेलो. आधी समितीकडे अर्ज. तो ऑनलाइन भरलेला होता. त्यात तालुक्याच्या केंद्रावर आडनावातली वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करण्यात एक दिवस गेला होता. सोबत ज्युनियर कॉलेजचे पत्र, शाळेचा उतारा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. तपासून पावती दिली. ती पावती मी पदराच्या गाठीत बांधली, पोरगी हसली तरी सोडली नाही.

तिथून शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयात. भर शहरात, मोटारींच्या गोंगाटात हे एवढे हिरवे रान असेल असे मला वाटले नव्हते. बाहेर पूल आणि मेट्रो, आत ज्वारीचे खुंट आणि गुरांचा गोठा. दगडी इमारत, वर घुमट, तिच्यापुढे आपण लहान होतो. पुण्यात शेतीचे वर्ग सुरू झाले ते 1879 साली, सायन्स कॉलेजची एक शाखा म्हणून, आणि 1907-08 च्या सुमारास हे स्वतंत्र कॉलेज झाले. आता ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येते. आपण लावतो तो भगवा डाळिंब याच विद्यापीठाचा, आणि त्याआधीचा गणेश डाळिंब इथून जवळच्या गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चिमा यांनी काढलेला. आमच्या तेल्याने गेलेल्या बागेची आठवण झाली. पोरगीही तेच म्हणाली.

एक प्राध्यापक वर्गाबाहेर भेटले. आम्ही गावाकडून आलो हे ओळखून थांबले. त्यांनी एक हकीकत सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. इथले सुरुवातीचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे इंग्रज गृहस्थ. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घर न् घर, बांध न् बांध हिंडून अभ्यास केला आणि 1917 साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या गावात 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 ला 7 एकरांवर आली होती. आज त्या गावात बांधच उरले नाहीत, उंच इमारती आहेत. मी मनात आमची वंशावळ आठवत होते. चारच दिवसांपूर्वी प्रतिज्ञापत्रासाठी लिहिली होती. पणजोबांखाली तीन रेघा, त्यांच्याखाली सात, मग चौदा. जमीन तेवढीच, त्यातलीही निम्मी पाण्यात. पोरगी वहीत आकडे लिहून घेत होती. नर्सिंगचा विषय मी परतीच्या गाडीत काढला नाही.

त्यांनी कामाच्या गोष्टीही सांगितल्या. पुण्याच्या जागांना चुरस फार, म्हणून पसंतीक्रम भरताना एकच नाव धरून बसू नये. धुळे, कोल्हापूर ही विद्यापीठाचीच कॉलेजे आहेत. विनाअनुदानित कॉलेजांची फी आधी विचारावी. जीवशास्त्राच्या गटाची सीईटी 200 गुणांची, त्यात निम्मे गुण जीवशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. सातबाराधारकाच्या मुलांना अधिभार मिळतो, पण सातबारा कोणाच्या नावाचा आणि त्याबरोबर कुठला दाखला, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच ठरवावे. आमचा सातबारा मामंजींच्या नावे, म्हणून हे आम्हाला महत्त्वाचे. नॉन क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते की पुढे आहे, तेही पाहावे. आमचा संपलेला होता! तो, अधिवासाचा आणि उत्पन्नाचा असे तिन्ही दाखले एप्रिलअखेर काढले. तेव्हा केंद्रावर माझ्यापुढे चार माणसे होती. जूनमध्ये त्याच दारात रांग रस्त्यावर आलेली मी पाहिली.

एप्रिलच्या शेवटी तिची सीईटी झाली. वैधता पावसाळ्यात आली, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी. त्याच जुलैत शासनाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. यजमानांचा उरलेला विरोध त्याने गेला. मात्र राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा असतो, हे विसरू नये. आम्ही एक कालवड विकली.

ऑगस्टमध्ये उजनी काठोकाठ भरली. पोरीला पुणे मिळाले नाही, कोल्हापूर मिळाले. जाताना तिच्या पेटीत मी शिदोरी भरली, यजमानांनी नवी बॅटरी ठेवली. मामंजींनी काय द्यावे? त्यांनी त्या उताऱ्याची एक झेरॉक्स मागून घेतली होती, ती घडी घालून तिच्या पुस्तकात सारली.

पहिल्या रविवारी तिचा फोन आला. मी जेवणाचे विचारले, यजमानांनी खोलीचे. मामंजींनी फोन हातात घेऊन विचारले, "तिकडं माती कशी हाय गं? काळी का तांबडी?"